निरोप न पोचवण्याचा नेम

बाबा अहिल्याबाई घाटावर भिक्षुकी करतात. नागपूर-इंदूरकडून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा, शिवाय बनारसमधल्या मराठी घरांतल्या लग्नमुंजी. त्यामुळे मी विवाह आणि कुटुंब समुपदेशन शिकायचं ठरवलं, आणि तेही छावणीतल्या ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात, तेव्हा आमच्या गल्लीला चार दिवस पुरेल असा विषय मिळाला. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, ‘पोरगी आता नाताळात केक घेऊन येणार.’ (नाताळात मी केक आणला, आणि सर्वांत मोठा तुकडा काकूंनीच नेला.) बाबांनी मात्र पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, ‘लग्नं मी लावायची, निस्तरायची हिनं. घरचाच धंदा आहे.’

परवानगी मिळाली ती अशी. पण मनात एक खुटखुट पहिल्या दिवसापासून होती. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यातले शेवटचे सहा महिने रांचीला, तिथल्या एका मिशन हॉस्पिटलच्या कुटुंब केंद्रात राहून काम करायचं. ते केलं नाही तर पदवी नाही. आणि मी घर सोडून सहा महिने कशी जाणार, हे मला कळत नव्हतं. घरी कोणी आजारी नव्हतं की कोणाचं करायला लागत नव्हतं. अडचण एवढीच होती की मी गेले असते तर आमच्या घरात बोलायला कोणी उरलं नसतं.

आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नसत. दुसरं वर्ष संपत आलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही, दोन्ही वेळचं जेवण वेळेवर. बोलणं सगळं माझ्यामार्फत. आई ओट्यापाशी उभी राहून, बाबा तीन हातांवर बसलेले असताना, मला म्हणे, ‘बाबांना विचार, भात आणखी घेऊन राहिले का.’ आई नागपूरची. इतकी वर्षं काशीत काढूनही तिचं ‘राहिले’ काही सुटलं नाही. मग बाबा मला म्हणत, ‘आईला सांग, भात पुरे, पण सब्जीत नमक कमी आहे.’ मी म्हणे, ‘आई, मीठ कमी आहे.’ आई म्हणे, ‘ऐकलं मी.’ ऐकलेलं असायचंच. तरी मी सांगेपर्यंत त्या वाक्याला आमच्या घरात किंमत नव्हती.

कारण साधं होतं आणि मोठंही. नागपूरला आजोबा, म्हणजे आईचे वडील, आजारी असल्याचा फोन आला तो पितृपक्षात. पितृपक्ष म्हणजे घाटावरच्या भटजींची सुगी. बाबांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. ते म्हणाले, ‘अमावास्या होऊ दे, मग दोघं जाऊ.’ आई थांबली. आजोबा थांबले नाहीत. अमावास्येच्या आदल्या दिवशी ते गेले, तेव्हा बाबा घाटावर आपल्या लाकडी चौकीवर बसून दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांना पाणी देत होते, आणि त्यांचा फोन चौकीखालच्या झोल्यात मुका करून ठेवलेला होता. आई एकटी नागपूरला गेली. तेराव्यानंतर परत आली ती माझ्याशी बोलत आली, शेजाऱ्यांशी बोलत आली, दूधवाल्याशी तर पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागली. बाबांशी नाही. बाबांनीही विषय काढला नाही. मला दोघांचाही राग यायचा, आणि त्या रागावर बसून दोघांच्या भाताची चौकशी करावी लागायची.

कॉलेजात मात्र मजा होती. वर्गात चार-पाच नन्स, दोन होऊ घातलेले पाद्री, एका पाद्र्याची बायको आणि मी. सकाळची सुरुवात प्रार्थनेनं. पहिल्या दिवशी मी सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी चॅपलमध्ये शिरले. आत सगळे बुटांत. सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, तशी एका पाद्र्याला माझी दया आली आणि त्यानंही बूट काढले. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ती पूर्ण प्रार्थना माझी त्या अंगठ्याकडे बघण्यात गेली, आणि आमची मैत्री तिथपासूनची.

आम्हाला मुख्य विषय शिकवायला एक सिस्टर होत्या. वयानं आईएवढ्या, बुटक्या, आणि चालण्याचा वेग असा की मागून येणाऱ्यानं धावावं. सगळं शिकवणं हिंदी-इंग्रजीत. एकदा बाकाचा कोपरा लागून मी ‘आई गं’ म्हणाले, तशा त्या फळ्याकडून गर्रकन वळल्या. ‘मराठी?’ त्या वसईच्या निघाल्या. त्यांच्या घरच्या बोलीतलं मला निम्मं कळत नसे, आणि हिंदीत भिजलेलं माझं बनारसी मराठी ऐकून त्यांना हसू आवरत नसे. पण शाळेतलं मराठी दोघींनाही येत होतं, तेवढ्यावर आमचं जमलं. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं भुवया वर केल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या झोल्यात सिस्टरसाठी आंब्याच्या लोणच्याची बरणी ठेवली. ‘वसईची असली तरी आपल्याकडचीच की बाप्पा,’ म्हणाली. आईच्या हिशेबात नागपूर ते वसई सगळा एकच मोहल्ला.

एक दिवस सिस्टरनी वर्गात खेळ घेतला. खेळ म्हणजे अभ्यासच होता. प्रत्येकानं वर्गातल्या माणसांना आपल्या घरची माणसं करायचं आणि घरात ती जशी असतात तसं उभं करायचं. बोलायचं नाही, नुसतं उभं करायचं. माझी पाळी आली तेव्हा मी मोजेवाल्या पाद्र्याला बाबा केलं, केरळच्या एका उंच ननला आई केलं. दोघांना भिंतींकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः मध्ये उभी राहिले. माझा एक हात पाद्र्याच्या खांद्यावर, एक ननच्या. सिस्टर म्हणाल्या, ‘घरी जे करतेस ते कर.’ मी एकदा इकडे वळले, एकदा तिकडे. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. वर्ग आधी हसला, मग गप्प झाला. मला हसू येत होतं आणि मान दुखत होती.

‘आता तू बाजूला हो,’ सिस्टर म्हणाल्या.

मी हलले नाही. मला वाटलं, मी हात काढले तर ही दोघं पडतील. पाद्री चांगला धडधाकट होता, ननही. तरी मला खरोखर तसं वाटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्याची पाळी सुरू केली. तास संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘रांचीला जाणार ना?’ मी म्हणाले, बघू.

हिवाळ्यात प्रत्यक्ष काम सुरू झालं. कॉलेजच्या आवारात एक छोटं केंद्र होतं, तिथे शहरातली माणसं येत. आम्ही विद्यार्थी आत जोडप्याबरोबर बसायचं आणि सिस्टर पलीकडच्या खोलीत, एका अशा काचेमागे जिच्यातून त्यांना आम्ही दिसायचो आणि आम्हाला त्या दिसत नसत. येणाऱ्यांना हे आधी सांगितलेलं असे. आमच्या खोलीत एक फोन होता. आमचं फार चुकलं की सिस्टर तो वाजवत. माझ्याकडे आलेल्या पहिल्या जोडप्याविषयी मी काही सांगणार नाही, त्याची शपथ घेतलेली आहे. फजिती माझी आहे, ती सांगायला हरकत नाही.

मी इतकी घाबरले होते की जन्मापासून जे पाहिलं तेच हातून झालं. दोघं आल्यावर मी त्यांना पूर्वेकडे तोंड करून शेजारी शेजारी बसवलं. बाई डावीकडे बसल्या होत्या, त्यांना उठवून उजवीकडे बसवलं, कारण पूजेला बायको उजवीकडे. मी स्वतः बाजूला बसले, बाबा बसतात तशी. आणि ‘नाव सांगा’ म्हणाले. त्यांनी नावं सांगितली. पुढे काय, ते मला आठवेना. ती दोघंही धार्मिक माणसं. त्यांच्या अंगात आपोआप पूजेची शिस्त आली. पाठ ताठ, हात जोडलेले, नजर समोरच्या भिंतीवर. बराच वेळ तसेच बसून राहिल्यावर नवऱ्यानं हळूच विचारलं, ‘सामान क्या-क्या लाना होगा, दीदी?’

फोन वाजला. पलीकडून सिस्टर मराठीत म्हणाल्या, ‘अगं, तू समुपदेशन करते आहेस की सत्यनारायण घालते आहेस? खुर्च्या एकमेकींकडे वळव.’ आणि त्यांना पुढे बोलता येईना इतकं हसू आलं.

मी खुर्च्या वळवल्या. दोघं समोरासमोर आली आणि दोघंही माझ्याकडे बघून बोलायला लागली. बाई म्हणाल्या, इनसे कहिए. नवरा म्हणाला, इनको समझाइए. आम्हाला शिकवलेलं पहिलं वाक्य मी तेव्हा वापरलं: मुझसे नहीं, उनसे कहिए. ते वाक्य मी त्या हिवाळ्यात इतक्यांदा म्हटलं की झोपेतही म्हणत असेन. आणि संध्याकाळी ई-रिक्षातून गोदौलियाला उतरायचं, गल्लीगल्लीतून घरी यायचं, आणि दारातच आईनं म्हणायचं, ‘बाबांना सांग, नळ दुरुस्त करणारा येऊन गेला.’ आणि मी सांगायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हण मी लहानपणी पाठ केली होती, अर्थ तेव्हा कळला.

ईस्टरच्या आधी कॉलेजात चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळत. सगळ्यांनी काहीतरी सोडायचं. सिस्टरनी लोणचं सोडलं आणि बरणीवर कापड बांधून ती माझ्याकडे सांभाळायला दिली, म्हणजे मोह नको. मोजेवाल्या पाद्र्यानं मोबाइलवरचं क्रिकेट सोडलं आणि रोज मला स्कोअर विचारू लागला. केरळच्या ननने चहाड्या सोडल्या, आणि वर्गाला करमेनासं झालं, कारण बातमी म्हणून जे काही असे ते तिच्याकडूनच यायचं. चार दिवसांत आमची अशी पंचाईत झाली की जी गोष्ट कळायची असेल ती ज्याची त्याला जाऊन विचारावी लागू लागली. आणि ती विचारता येत होती.

हे बघून माझ्या डोक्यात जे आलं ते मी कोणाला सांगितलं नाही. सोडण्याचे दिवस आमच्याकडेही असतात. चाळीस नाही, चांगले चार महिने.

आषाढी एकादशीला आमच्याकडे चातुर्मासाचे नेम घेतात. देवासमोर ओळीनं बसायचं, उजव्या हातात पाणी घ्यायचं, बाबा संकल्प सांगतात, तो म्हणून पाणी सोडायचं. आई दरवर्षी वांगं सोडते, जे तिला मुळात आवडत नाही. बाबा पान सोडतात. बनारसच्या माणसानं चार महिने पान सोडणं म्हणजे काय, हे बनारसच्याच माणसाला कळेल. मी आजवर रबडी, चाट, एकदा दुपारची झोप सोडलेली होती. भिक्षुकाच्या घरात संकल्पाचं पाणी सोडलं की सोडलं. त्यात पळवाट नाही आणि त्यावर वाद नाही.

त्या वर्षी आईचा झाला, बाबांनी स्वतःचा केला, मग मी हात पुढे केला. बाबांनी पळीनं पाणी घातलं आणि सुरू झाले: संवत्सर, मास, तिथी, वाराणसी क्षेत्र, भागीरथीचा पश्चिम तीर. हे सगळं त्यांच्या तोंडून नळासारखं येतं. नेमाच्या जागी आले आणि थांबले. ‘हं. काय सोडतेस?’

‘निरोप,’ मी म्हणाले.

‘म्हणजे?’

‘या घरात एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं नाही. चार महिने.’

बाबांच्या हातातली पळी तशीच राहिली. माझ्या तळहातावरचं पाणी बोटांमधून गळायला लागलं होतं. आई म्हणाली, ‘हे त्या सिस्टरनं शिकवलं का तुला? माझं लोणचं खाऊन?’ मी म्हणाले, सिस्टरला माहीतही नाही. आई बाबांकडे बघायला लागली होती, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं देवाकडे पाहिलं.

बाबांना नाही म्हणता आलं असतं. पण त्यांच्यातला भिक्षुक बाबांपेक्षा मोठा आहे. देशकालाचा उच्चार झालेला, पाणी हातात आलेलं, यजमान नेम सांगतोय, तिथे भटजी अडवत नाही. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, ‘म्हण. संदेशवहनत्यागरूपं व्रतं करिष्ये.’ मी म्हटलं आणि पाणी सोडलं. इतका नवा नेम आणि इतकं चोख संस्कृत आयत्या वेळी सुचलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. आपण कशाला मंत्र पुरवला, हे त्यांना बहुधा दुपारच्या जेवणाला कळलं.

पहिले काही आठवडे आमच्या घरात जी कला बहरली, ती बघायला तिकीट लावायला हवं होतं. आई तुळशीशी बोलायला लागली. ‘तुळशीबाई, आज वीज जाणार आहे म्हणे, ज्यांना धोतर इस्त्री करायचं त्यांनी करून घ्यावं.’ बाबा देवघरात बसून अन्नपूर्णेला सांगत, ‘हे अन्नपूर्णे, उद्या दोन यजमान जेवायला आहेत.’ छतावर माकडं येतात. बाबा खिडकीतून एका थोराड माकडाला म्हणाले, ‘महाराज, चाबी कुठे ठेवलीय कोणी पाहिलीय का?’ स्वयंपाकघरातून आई भिंतीला म्हणाली, ‘खुंटीवर.’ मग आईला आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप गटाचा शोध लागला. त्यावर ती ‘भात झाला’ एवढंच लिही. गटात लिहिलेलं कोणा एकाला उद्देशून नसतं, असा तिचा कायदा. बाबा शेजारच्या खोलीतून अंगठ्याचं चित्र पाठवत आणि पानावर येऊन बसत. एका शनिवारी दोघांनीही मंडईतून भाजीला परवर आणले, आणि आम्ही पुढचा आठवडाभर परवर खाल्ले. मी शेजारी बसून सगळं ऐकत असे आणि जीभ दातांखाली धरत असे. जेवताना दोनदा तर दोघंही एकदम माझ्याकडे वळली, आणि मी वरणाकडे पाहिलं.

हे मी वर्गात सांगितलं की सगळे पोट धरून हसत. सिस्टर सर्वांत जास्त. माकडाची गोष्ट तर त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगवली.

पण भाद्रपद आला तसं ते नाटक ओसरलं. तुळशीशी बोलणं थांबलं, माकडाला कोणी काही विचारेना, गटातही शांतता. घरात नुसते पंख्याचे आणि भांड्यांचे आवाज. पितृपक्ष जवळ येत होता आणि त्याचा अर्थ त्या घरात काय, हे तिघांनाही माहीत होतं. आई दिवसदिवस स्वयंपाकघरातल्या बरण्या पुसत बसे. मला भीती वाटायला लागली. आधी निदान माझ्या तोंडून का होईना, एकमेकांचं मीठ त्यांना कळत होतं. मी ते सुद्धा बंद केलं. दिवाळीनंतर रांचीला जायचं ठरवायची वेळ आली होती, आणि मी सिस्टरकडे जाऊन सांगितलं, मी जात नाही. पदवी नको. आणि घरचा नेमही मोडते.

सिस्टर व्हरांड्यात मोसंबी सोलत होत्या. त्यांनी मला अर्धी दिली. म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षीची मुलं आत बसलेली असतात, आणि जोडपं गप्प होतं. तेव्हा काचेमागून मला काय दिसतं, माहीत आहे? मुलं खुर्चीत चुळबुळ करतात आणि मग काहीबाही बोलायला लागतात. कारण गप्प राहणं त्यांना सहन होत नाही. जोडप्याला होत असतं.’

‘आणि ते तसेच गप्प राहिले तर?’

‘तर राहिले. लग्न त्यांचं आहे, बाळा.’

मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. मी मोसंबी खाल्ली, त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचं लग्न झालेलं नाही म्हणून तुम्हाला बोलायला सोपं आहे, आणि निघाले. गेटपर्यंत आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, पण मागे वळून बघितलं तर त्या हसत हात हलवत होत्या. नेम मी मोडला नाही. तेवढ्यापुरता हट्ट माझ्यातही आहे, तो आईकडून आला असावा. की बाबांकडून, ते ठरवणं कठीण आहे.

सर्वपित्री अमावास्येला बाबा उजाडायच्या आत घाटावर असतात. वर्षातला त्यांचा सर्वांत मोठा दिवस तो. पायऱ्यांवर माणूस मावत नाही, आणि यजमान रांगेत उभे असतात. त्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा घरीच होते. आंघोळ झालेली, ओलं धोतर पिळून दोरीवर. चौकात पाट मांडला होता, ताम्हन, काळे तीळ, दर्भ. कोनाड्यात त्यांचा फोन सारखा थरथरत होता. घाटावर चुलतकाकांना बसवलंय, एवढं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग शांतपणे दर्भाची अंगठी वळत बसले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या दिवसाच्या खिरीसाठी तिच्या हातात दुधाचं पातेलं होतं.

बाबा ताम्हनाकडे बघत म्हणाले, ‘नाव आणि गोत्र सांगा.’

हे वाक्य ते घाटावर रोज म्हणतात, अनोळखी माणसांना. मला वाटलं, मलाच विचारतायत. आईलाही तसंच वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिळांकडे पाहिलं.

मग आई म्हणाली, ‘कोणाचं?’

तुळशीला नाही, भिंतीला नाही. बाबांना.

‘तुझ्या बाबांचं.’

‘तुम्हाला काय माहीत नाही?’

‘माहीत आहे. दर वर्षी घाटावर त्यांना पाणी देतो. सासऱ्याला देता येतं.’ बाबांचा आवाज घाटावर चौकीवरून पार नदीपर्यंत जातो. तेव्हा तो मला जेमतेम ऐकू येत होता. ‘पण तुझ्याशिवाय देत होतो. त्या वर्षी थांबायला नको होतं. अमावास्या पुढच्या वर्षीही आली असती. मी तुला थांबवलं.’

आईनं पातेलं खाली ठेवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मला सिस्टर आठवल्या, आणि मी चुळबुळ केली नाही. मग आईनं तिच्या वडिलांचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. गोत्र सांगितलं. आणि ती येऊन बाबांच्या उजवीकडे बसली.

‘इकडे,’ बाबा म्हणाले. ‘पितरांच्या कामाला डावीकडे.’

ती उठून डावीकडे बसली. ‘हाताला हात लाव,’ बाबा म्हणाले. हेही ते रोज म्हणतात, जोडप्यांना. आईनं त्यांच्या हाताला हात लावला आणि रडली. बाबा मंत्र म्हणत राहिले, पण मध्येच चुकले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाबांना मंत्र चुकताना मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

सिस्टर शिकवतात की नवराबायकोला समोरासमोर बसवावं, एकमेकांचे डोळे दिसायला हवेत. बरोबर असेल. आमच्या घरची दोघं शेजारी शेजारी, एकाच ताम्हनाकडे बघत बसली होती, आणि त्यांचं तिथे जमलं. हे मी नंतर सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुझा सत्यनारायण चुकला नव्हता तर.’ आणि माझ्या पाठीवर एक चापट मारली.

दुपारी पानावर बसल्यावर बाबांनी आमटीचा घास घेतला आणि म्हणाले, ‘नमक कमी आहे.’

‘कमीच आहे,’ आई म्हणाली. ‘तीन वर्षं कमीच टाकून राहिली मी. बोला म्हणावं सरळ, मग टाकीन.’

त्यावरून दोघांचं जे भांडण जुंपलं ते ताक संपेपर्यंत चाललं. त्यात मीठ, नागपूर, परवर, माझं शिक्षण, सगळं आलं. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मी पोटभर जेवले.

दिवाळी झाली आणि मी रांचीला गेले. तिथून पहिल्याच रविवारी घरी फोन केला. आईनं उचलला. जेवण, थंडी, खोली, सगळं विचारून झालं. मागून बाबांचा आवाज आला, ‘तिला सांग, स्वेटर घालत जा म्हणावं.’

‘तुम्हीच सांगा,’ आई म्हणाली. ‘मी निरोप पोचवून नाही राहिली कोणाचे.’

फोन बाबांच्या हातात आला. मग पलीकडे बाबा गप्प आणि इकडे मी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाबांशी मी आजवर जे बोलत आले, ते जवळजवळ सगळं आईचं होतं, आणि बाबा माझ्याशी जे बोलत आले तेही आईसाठीच. आमच्या दोघांचं असं काही आमच्याजवळ फारसं नव्हतं. मी थांबले. खोलीत थंडी होती आणि स्वेटर मी खरंच घातलेला नव्हता.

‘कशी आहेस गं तू?’ बाबांनी विचारलं.

मी खाटेवर बसले आणि त्यांना सांगायला लागले.